रिळाचा स्टँड : एक रसग्रहण

मराठीत समीक्षा लिहिण्याचा अधिकार दोन प्रकारच्या माणसांना असतो. एक प्राध्यापकांना, आणि दुसरा ज्यांना प्राध्यापक व्हायचं होतं पण जमलं नाही त्यांना. मी या दोन्हींत बसत नाही. मी बी.कॉम., दुसरा वर्ग, आणि गेली बावीस वर्षं एका बँकेत कारकून. आमच्या पेशात टीका करायची ती गिऱ्हाइकांनी आणि ऐकून घ्यायची ती आम्ही, अशी कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी आपणही कशाची तरी भरपेट समीक्षा करावी, अशी हौस मनात दबून होती. कवितासंग्रहाची करावी, तर कवी पेणचाच निघतो आणि दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहतो. तेव्हा म्हटलं, निर्जीव वस्तू बरी. ती पत्र लिहीत नाही, खुलासा मागत नाही आणि एक तारखेला रांगेत पुढे घुसत नाही.

समीक्षेसाठी निवडलेली कृती : शिलाई मशीनच्या मागे ठेवायचा, दोऱ्याचं रीळ किंवा कोन लावायचा स्टँड. किंमत रुपये तीनशे चाळीस. प्रकाशनस्थळ दादरचं एक दुकान. वाचक एकच, माझी आई.

आता तुम्ही म्हणाल, यात रसग्रहण करण्यासारखं काय आहे? एक चकती, तिच्यावर एक दांडी, दांडीच्या डोक्यावर एक आकडा. संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर विकत घेतला.

रामवाडीच्या आमच्या घरात मशीन आलं ते १९८३ साली. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा रामवाडीलाच एसटीच्या वर्कशॉपात होते. मशीन उषाचं, म्हणजे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं. काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि खाली बिडाचं पायडल. त्या पायडलवर बसून मी लहानपणी पुष्कळ मोटारी चालवल्या आणि एकदा चाकात बोटही घातलं. पण मुख्य म्हणजे त्या मशीनने मला बी.कॉम. केलं. फीचा पहिला हप्ता बाबांच्या पगारातून आणि दुसरा परकर-पोलक्यांतून, असा आमचा अर्थसंकल्प असे.

तेव्हा दोरा यायचा लाकडी रिळावर. मशीनच्या पाठीवर उजव्या बाजूला एक खुंटी असते, तिच्यावर रीळ ठेवायचं आणि चालू लागायचं. दोरा ओढला की रीळ गरागरा फिरणार. संपलं की त्याची आम्ही पोरं गाडी करणार. रीळ आणि मशीन हे एकमेकांसाठीच जन्माला आले होते. घोळ झाला तो कोन आल्यावर. कोन म्हणजे तो उभट शंकू, हजारो मीटर पॉलिस्टर दोरा अंगावर तिरपा-तिरपा गुंडाळलेला. तो मूळचा कारखान्यातला माणूस. वाराला स्वस्त पडतो म्हणून घरात आला. पण घरच्या मशीनला त्याची ओळखच नाही. खुंटीवर बसवावा तर पोट एवढं पोकळ, की मोठ्या भावाची चड्डी घातलेल्या पोरासारखा डुगडुगतो. शिवाय रिळाचा दोरा बाजूने निघतो, त्याला फिरायला लागतं. कोनाचा दोरा डोक्यावरून निघतो आणि त्याने अगदी स्तब्ध उभं राहायचं असतं. कोन फिरवायला जाल तर तो जड. सुरू होताना अडून बसतो आणि एकदा सुरू झाला की थांबता थांबत नाही. (आमच्या शाखेत असे एक मॅनेजर होऊन गेले.)

सबब, कोनासाठी वेगळी बैठक हवी. आमच्या घरात ती होती. बाबांनी केलेली.

तिचं वर्णन केल्याशिवाय तुलनात्मक समीक्षा होणार नाही. दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा. त्यात काठोकाठ प्लॅस्टर, हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेलं. पेण तालुक्यात हे फार सोपं. शेजारणीकडून विरजण आणावं तसं इथे प्लॅस्टर आणता येतं. प्लॅस्टरच्या मधोमध कुठल्याशा बसमधून निवृत्त झालेला एक बोल्ट, डोकं खाली करून बसवलेला; त्यावर कोन ठेवायचा. आणि कडेला उभी केलेली छत्रीची एक काडी, वरून वाकवून तिचं टोक बरोबर बोल्टच्या माथ्यावर आणलेलं. छत्रीच्या काडीच्या टोकाला कापड टाचण्यासाठी एक बारीक नेढं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या नेढ्यातून दोरा वर काढायचा आणि तिथून मशीनकडे. छत्री बाबांचीच, एका पावसाळ्यात उलटी होऊन कामी आलेली. बाबा घरातली प्रत्येक वस्तू बस समजूनच दुरुस्त करायचे. त्यामुळे डबा उचलायला दोन हात लागत आणि तो दिसायला अत्यंत कुरूप होता. बाबा गेल्यावरही तो मशीनच्या मागे खिडकीत होता. गंज चढला होता, काडी काळी पडली होती. घरी कुणी आलं की मला त्याची लाज वाटायची.

गेल्या वर्षी घराला रंग काढला. त्या उत्साहाच्या भरात मी दादरहून हा स्टँड आणला, झळझळीत निकेल केलेला, आणि डबा उचलून अंगणात भंगाराच्या ढिगावर ठेवला. आई काही बोलली नाही. स्टँड हातात घेऊन तिने फिरवून पाहिला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "चांगला आहे. तू आणलास ना."

हा अभिप्राय मी त्या वेळी अनुकूल समजलो.

समीक्षेला निकष लागतो. तो शोधायला फार लांब जायला नको. १९२४ साली गांधीजींना कुणी विचारलं, की तुमचा सरसकट सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला सूट दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट सिंगरला पाहवेनात, म्हणून त्याने प्रेमापोटी ते यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं हे खरं. बाकी त्या गृहस्थाचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि मुलं दोन डझनांच्या आसपास होती. तेव्हा नेमक्या कुठल्या बायकोचे कष्ट, हा प्रश्न उरतोच. पण निकष म्हणून गांधीजींचं म्हणणं पक्कं आहे : शिवणाऱ्या बाईचे कष्ट कमी झाले की वाढले? (विनोबा आमच्याच तालुक्यातल्या गागोद्याचे, त्यामुळे गांधीविचारावर पेणकरांचा थोडा हक्कही लागतो.)

आता आमच्या बाईचे कष्ट कुठे असतात ते सांगतो. आईचं वय बहात्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. शिवण तिला डोळ्यांनी दिसावी लागत नाही. कापडाची कड बोटांखालून जाते आणि बोटांना कळतं. अजूनही ती सरळ रेघेत अशी शिवते, की मी लेजरला पट्टी धरूनही तशी मारू शकणार नाही. एकच गोष्ट तिला जमत नाही, ती म्हणजे सुईत दोरा ओवणं. हाताच्या सुईचं नेढं वरच्या बाजूला असतं. इलियास हो नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात ते सुईच्या टोकाशी ठेवलं आणि सगळ्या मशीनांचा संसार तिथून उभा राहिला. यंत्राची सोय झाली. पण तेव्हापासून ओवणाऱ्याला मान मोडून खाली बघावं लागतं. ओवणीची ती बारीक तार आम्ही आणून दिली. पण तार ओवायलाही नेढं दिसावं लागतं.

म्हणजे हिशेब सरळ आहे. दोरा तुटला नाही तोवर आई स्वतंत्र. तुटला की तिला हाक मारावी लागते. आणि हाक मारणं हे आमच्या घराण्यात कर्ज काढण्याइतकं कमीपणाचं समजतात.

स्टँड आला तो आषाढात. त्या दिवसांत आई आणि आमची ही, दोघी गणपतीची धोतरं आणि शेले शिवतात. अलीकडे पेणच्या मूर्तींना रंगाऐवजी खऱ्या कापडाचं धोतर नेसवायची पद्धत पडली आहे. एक फुटी, दीड फुटी, दोन फुटी, ज्याच्या त्याच्या मापाने काठ लावायचे. ही कापते, आई शिवते. पैसे फार नसतात, पण ते आई स्वतः मोजते, माझ्याकडे मोजायला देत नाही. बँकेतल्या माणसावर तिचा तेवढा विश्वास नाही.

स्टँडवर पहिला कोन चढला त्या रविवारी मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होतो. पाच मिनिटांत हाक आली, "अरे, जरा दोरा ओवून दे." दिला. बातमीवर परत आलो, तर पुन्हा. तिसऱ्या हाकेला मी चष्मा कपाळावरच ठेवला. आमची सवयच वाईट. मी वहीचा मागचा कागद फाडला आणि आडव्या रेघा मारून नोंदी सुरू केल्या. दोन तासांत अकरा हाका. पुढच्या रविवारी नऊ. मधल्या चौथ्या शनिवारी, बँक बंद म्हणून मी घरी, दहा. आणि डबा असताना किती होत्या? आठवून आठवून सांगतो, सकाळभरात एखादी. कधी तीही नाही.

पण मी रविवारचं लिहितोय. सोमवार ते शुक्रवार काय होत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही बालवाडीत जाते, ती दीडला परत येते. मी साडेनऊला घर सोडतो. एक दिवस किल्ल्या विसरलो म्हणून साडेअकराला घरी आलो, तर आई मशीनसमोर बसलेली, हात मांडीवर, मशीन बंद. म्हटलं, "काय गं, बरं नाही का?" म्हणाली, "नाही रे, जरा विसावले." सुईकडे पाहिलं. दोरा तुटलेला होता. किती वेळ विसावली होतीस, हे मी विचारलं नाही. कोनाशेजारी एकच शेला शिवून पडला होता आणि त्याचा दुसरा काठ अर्ध्यावर होता. "शेजारी हाक मारायची," असं म्हटलं, तर म्हणाली, "आज दोरा ओवायला बोलावलं तर उद्या घास भरवायला येतील."

तेव्हा मी समीक्षेला गांभीर्याने सुरुवात केली.

प्रथम न्याय द्यायचा म्हणून गुण सांगतो. स्टँड देखणा आहे. दांडी खालीवर होते. पाट्यावर घट्ट बसलेलं, विजेवर चालणारं मशीन असेल, लहान कोन असेल आणि शिवणाराचे डोळे शाबूत असतील, तर एखाद्याचं त्याच्यावर निभेलही. खोक्यावर बाईचं चित्र आहे आणि ती हसते आहे.

आता दोष. पहिला दोष वजनाचा. चकती पत्र्याची. आमचं मशीन पायाचं. पायडल मारलं की पाट सगळा थरथरतो आणि त्या तालावर स्टँड चालायला लागतो. थट्टा नाही, खरोखर चालतो. एक अख्खं धोतर शिवून होईपर्यंत तो पाटाच्या कडेला येऊन खाली डोकावत होता. मी त्याच्याखाली रबर लावलं. मग तो चालायचा थांबला आणि डुलायला लागला.

दुसरा दोष कळायला मला बाजारपेठेतल्या एका टेलरकडे अर्धा तास उभं राहावं लागलं. त्याच्याकडे कारखान्यातलं मशीन आहे, मागे उंच स्टँडवाला. त्याने दाखवलं, की कोनातून दोरा काही नळाच्या पाण्यासारखा संथ वाहत नाही. मशीनच्या तोंडावर जो दांडा वरखाली नाचतो ना, तो प्रत्येक टाक्याला एक हिसका देतो. हिसका, सैल, हिसका, सैल. मिनिटाला शेकडो वेळा. वरचं नेढं जर कोनाच्या माथ्यावर मधोमध असेल आणि कोनाच्या उंचीच्या दुपटी-अडीचपटीवर असेल, तर दोरा सगळ्या बाजूंनी सारखा उचलला जातो. जवळ असेल तर कोनाच्या खांद्याला घासतो. एका बाजूला असेल तर एका फेरीत सैल पडतो, दुसऱ्या फेरीत ताठ होतो. सैल पडलेला वेढा खाली घसरून कोनाच्या बुडाशी अडकतो आणि पुढच्या हिसक्याला तुटतो. घरी येऊन टेप लावला. आमच्या स्टँडचा आकडा मधोमध नव्हता, दोन बोटं पुढे झुकलेला. दांडी पूर्ण वर काढावी तर सगळाच डुलायचा. खाली आणावी तर दोरा घासायचा. मर्ढेकरांनी कलेत संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन प्रकारच्या लयी सांगितल्या आहेत. या कृतीत फक्त मधली सापडते.

डब्याची काडी किती उंच होती ते आता मोजता येईना. पण बाबांनी ती बसवली तो रविवार मला आठवतो. प्लॅस्टर आळायच्या आत ते काडी इंचभर वर, अर्धा इंच खाली, पुन्हा वाकवून, असं करत होते आणि आई पायडल मारत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. इंजिनाचं ऐकतात तसं. दोऱ्याचा सूं-सूं आवाज थांबला तेव्हा म्हणाले, "हं, आता धरून ठेव."

तिसरा दोष आकड्याचा. तार कापून वाकवलेली आहे आणि कापलेलं टोक आतल्या बाजूला, घासून गुळगुळीत न केलेलं. दोरा नेमका त्याच्यावरून जातो. पॉलिस्टरचा दोरा मजबूत, पण दोन तास करवतीवरून ओढला तर तोही सुतळीसारखा पिंजतो. आईने पहिल्याच दिवशी आकड्यावरून अंगठा का फिरवला होता, ते मला इथे कळलं. छत्रीचं नेढं मात्र कापड टाचायच्या दोऱ्यासाठीच केलेलं असतं. धारदार ठेवलं तर छत्री पहिल्या पावसातच सुटी होईल.

चौथा दोष जरीचा, आणि त्यात स्टँडबरोबर मीही सहआरोपी आहे. खोक्यावर 'सर्व प्रकारच्या दोऱ्यांसाठी' असं छापलंय. म्हणून मी सोनेरी जरीचं रीळही मशीनच्या खुंटीवरून काढून स्टँडच्या खुंटीवर लावलं. एके ठिकाणी सगळं, म्हणजे व्यवस्था. जरीचा दोरा चपट्या फितीसारखा असतो. त्याचं रीळ फिरलं पाहिजे, म्हणजे फीत सरळ उलगडते. स्टँडची खुंटी इतकी जाड, की रीळ फिरेच ना. मग दोरा वरून निघू लागला आणि प्रत्येक वेढ्याला एक पीळ खाऊ लागला. पीळ साठला की गाठ, गाठ नेढ्याशी आली की तुकडा. आई इतकी वर्षं कोन मागे डब्यावर आणि जर पुढे खुंटीवर ठेवत होती, ते अस्ताव्यस्तपणामुळे नव्हे. पण तिने ते मला सांगितलं नाही. मुलाने आणलेल्या वस्तूत दोष काढायचा म्हणजे मुलात दोष काढल्यासारखं, हा तिचा साहित्यविचार.

श्रावण लागला. हमरापूरहून निरोप आला, की उरलेली धोतरं आठ दिवसांत हवीत. त्या रात्री मी हिला म्हटलं, "उद्या भंगारवाल्याकडे जाऊन येतो. डबा त्याच्याकडे असेल अजून कदाचित."

"कुठला डबा?"

"बाबांचा. प्लॅस्टरचा."

ही धोतराच्या निऱ्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "तो माळ्यावर आहे. भंगारवाल्याला मी रद्दी दिली, डबा नाही दिला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"आई म्हणाल्या, त्याने हौसेने आणलंय, वापरू दे थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे दीड महिना आणि, माझ्या कागदावरच्या फक्त सुट्टीच्या नोंदी धरल्या तर, एक्याण्णव हाका. बाकीच्या न मारलेल्या हाकांची नोंद कुठेच नाही.

डबा मीच माळ्यावरून उतरवला, दोन्ही हातांनी. काडीवर तेलाचा बोळा फिरवला. कोन बोल्टवर बसवला, जरीचं रीळ मशीनच्या खुंटीवर परत ठेवलं. दीड फुटी, दोन फुटी, सगळी धोतरं सातव्या दिवशी गेली. स्टँड सध्या आमच्या मुलीच्या खोलीत आहे. त्याच्या आकड्याला ती कानातली अडकवते आणि त्या कामासाठी तो उत्तम आहे, असा तिचा अभिप्राय आहे.

शेवटच्या रविवारी मी सवयीने कागद घेऊन ओटीवर बसलो होतो. साडेआठपासून मशीन एकसारखं चाललेलं, मध्ये खंड नाही. साडेदहाला हाक आली. मी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागदावर एक रेघ मारली आणि आत धावलो. सुईत दोरा शाबूत होता.

आईने मान वर न करता सांगितलं, "दोरा नाही रे. चहा टाक."